ऐकण्याचे इमान

पैठणच्या रस्त्याने निघाले की संभाजीनगर शहर मागे पडते आणि चौदाव्या किलोमीटरच्या दगडाच्या आसपास चितेगावची वस्ती सुरू होते. दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे एके काळी या लहानशा गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले होते. त्या उद्योगसमूहावर २०१८ साली दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. परंतु नोकरीच्या निमित्ताने वसईहून, गोव्याहून, नगर-जालना भागातून या पट्ट्यात आलेली कितीतरी कुटुंबे मात्र येथेच रुजली. याच रस्त्याच्या कडेने नाथसागराचे पाणी शहराकडे वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या जातात. उन्हाळ्यात त्या जलवाहिन्यांकडे पाहत आमच्या भगिनी टँकरची वाट पाहत उभ्या असतात. या गोष्टीचा आमच्या विषयाशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. संबंध आहे, आणि तो लवकरच कळेल.

आमच्यात तंतुवाद्ये वाजविणारे चौघे जण आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. यांतील थोरले व्हायोलिनवादक गोव्यातील एका खेड्यात धर्मग्रामाच्या शाळेत सूर शिकले. लिहिता येण्याआधी स्वरलिपी वाचता यावी, अशी त्या शाळांची जुनी रीत होती. पुढे कारखान्यातील नोकरीसाठी ते मराठवाड्यात आले आणि निवृत्तीनंतर येथेच मुलांना शिकवीत राहिले. आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणतो. गेली दोन वर्षे त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. सकाळी कमी असतो, थकल्यावर वाढतो. पुढच्या वर्षी हा हात कमान धरू शकेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

गेल्या प्रायश्चित्तकाळात या चौघांनी जोसेफ हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराची एक रचना बसविली. क्रुसावरून प्रभू येशूने काढलेल्या सात उद्गारांवरची ही रचना हायडनने स्पेनमधील कादिझ शहरासाठी केली आणि १७८७ साली तिला चार तंतुवाद्यांसाठी वेगळे रूप दिले. सात संथ भाग एकापाठोपाठ एक, आणि अखेरीस भूकंप. एवढे सगळे आमच्या चौघांना पेलणारे नव्हते. त्यांनी पाचवा भाग तेवढा निवडला. तो उद्गार आहे, 'मला तहान लागली आहे.' त्यात तारा कमानीने न घासता बोटांनी छेडल्या जातात, कोरड्या हौदात थेंब पडावेत तशा, आणि त्यावरून पहिल्या व्हायोलिनचा सूर हळूहळू उतरत येतो. दुष्काळी मुलखात तो ऐकताना आमच्या सभागृहात कोणी हलले नाही. हे मुद्रित करून ठेवावे, मास्तरांचा हात चालतो आहे तोवर ठेवावे, असे त्याच संध्याकाळी ठरले. त्यासाठी चांगले मायक्रोफोन हवेत, हेही ठरले. आणि तेथूनच वाद सुरू झाला.

पहिला प्रश्न एका भगिनीने विचारला. "मास्तर, एवढ्या पैशांत आमच्या गल्लीला टँकर किती येतील हो?" तिने तो रागाने विचारला नव्हता, हिशेब म्हणूनच विचारला होता, आणि त्यामुळेच तो अधिक बोचला. आमच्यातील एकाने लगेच बेथानीची आठवण करून दिली. लाजरसची बहीण मरिया हिने मोलाचे जटामांसीचे तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा हे तेल तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांस का दिले नाही, असे यहूदाने विचारले होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील हा प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. परंतु आम्हांला वाटते की हा दाखला फार स्वस्तात वापरला जातो. ज्याला एखादी वस्तू विकत घ्यायचीच असते तो विचारणाऱ्याला यहूदाच्या रांगेत बसवून मोकळा होतो. ती भगिनी यहूदा नव्हती. तिच्या घरी पाणी नव्हते. शिवाय प्रभूने त्या तेलाचा संबंध आपल्या पुरण्याच्या दिवसाशी जोडला, हे आपण विसरतो. पुन्हा न येणाऱ्या घटकेसाठी ते तेल होते. तेव्हा आमच्यापुढचा खरा प्रश्न असा होता की, मास्तरांचा हात ही तशी घटका आहे काय? आणि ती तशी असेल, तर तिच्यासाठी किती पुरे?

'किती पुरे' या प्रश्नाला पैशांत उत्तर देण्यापूर्वी मायक्रोफोन काय करतो हे समजून घ्यावे लागले. आमच्यातील काहींची हयात विजेच्या उपकरणांत गेली आहे, त्यामुळे ते काम फारसे अवघड गेले नाही. मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. हवेच्या लहरींनी तो हलतो आणि त्या हालचालीची वीज होते. मिस्सामध्ये वाचनासाठी आपण वापरतो तो शुअर कंपनीचा एसएम ५८ किंवा त्याच्या जातीचा मायक्रोफोन १९६६ पासून जगभर चालत आला आहे. तो ओठांजवळ धरण्यासाठी बनविलेला, दणकट आणि विश्वासू. पण चार हातांवरून व्हायोलाची कुजबुज त्याला नीट पेलत नाही. त्यासाठी कंडेन्सर जातीचा हवा, ज्याचा पडदा अगदी हलका असतो. पूर्वी हे मायक्रोफोन श्रीमंतांचेच होते. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेऱ्हार्ड सेसलर हा जर्मन आणि जेम्स वेस्ट हा कृष्णवर्णीय अमेरिकन या दोघांनी, विद्युतभार कायम धरून ठेवणारा प्लास्टिकचा पातळ पडदा वापरून एक मायक्रोफोन बनविला, आणि मग ही वस्तू इतकी स्वस्त झाली की पुढे ती टेपरेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत सर्वत्र शिरली. आमच्यासारख्यांना आज निवड करता येते ती या दोघांमुळे.

या मायक्रोफोनांना केबलमधूनच ४८ व्होल्टचा दाब पुरवावा लागतो. हा ४८ चा आकडा कुठून आला, हे आम्हांला फार आवडले. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी असे मायक्रोफोन केले, तेव्हा हिवाळ्याच्या काळोखात लागणाऱ्या जादा दिव्यांसाठी तेथे ४८ व्होल्टची सोय आधीच होती. एका थंड देशाच्या दिव्यांचा आकडा आज चितेगावच्या उकाड्यात आमच्या पेटीवर छापलेला आहे.

आता दुसरा वाद. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, चार वाद्ये तर चार मायक्रोफोन घ्यावेत, प्रत्येक वाद्याच्या तोंडाशी एक ठेवावा. मग कोणाचा आवाज किती ठेवायचा ते संगणकावर सावकाश ठरविता येईल. स्वस्तातले चार घेतले तरी चालेल. थोरल्यांचे म्हणणे, दोनच घ्यावेत, पण एकसारखे घ्यावेत, आणि ते श्रोता बसतो तेथे ठेवावेत. वरवर पाहता हा तांत्रिक वाद आहे. आम्ही मात्र त्यात जसजसे खोल गेलो तसतसे आम्हांला दिसू लागले की या चौघांवर आपण विश्वास ठेवतो की नाही, हा त्यातला मुख्य प्रश्न आहे.

पाश्चात्त्य लोक ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात त्याला आपल्याकडे 'बैठक' हा शब्द फार जवळचा आहे. थोडे वादक, लहान खोली, आणि हातात काठी घेऊन उभा राहणारा कोणी निर्देशक नाही. मग कोणाचा आवाज पुढे यावा, कोणी मागे सरावे हे कोण ठरवते? ते स्वतःच ठरवतात, एकमेकांना ऐकून. व्हायोलाची ओळ आली की व्हायोलिन आपली कमान हलकी करते. चेलोला ठाऊक असते की आपला आवाज भिंतीवरून परत येतो. या परस्पर ऐकण्यातच त्या संगीताचा जीव आहे. प्रत्येकाच्या तोंडाशी मायक्रोफोन ठेवला की हे सारे मागे घेतले जाते आणि आठवडाभराने टेबलाशी बसलेला कोणी एक जण त्यांच्यातला तोल नव्याने ठरवतो. तो कितीही सज्जन असला तरी ती त्यांची बैठक राहत नाही.

यंत्रापुढे वादकांनी वाकावे, ही गोष्ट नवीन नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग याने एप्रिल महिन्यात व्हॅटिकनमध्ये सिस्टीन गायकवृंदातील मोरेस्की यांचे गाणे मुद्रित केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यात गौहरजान यांचे. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन तेव्हा वापरात नव्हताच. गायकाने भोंग्यात तोंड घालून गायचे. व्हायोलिनचा नाजूक सूर त्या भोंग्याला पुरत नसे, म्हणून ऑगस्टस स्ट्रो याने लाकडी पेटीच्या जागी धातूचा कर्णा बसविलेले व्हायोलिन बनविले आणि ध्वनिमुद्रणासाठी ते सर्रास वापरले गेले. यंत्राला ऐकू यावे म्हणून वाद्यानेच आपला कंठ बदलला! १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि वादक भोंग्यापासून मोकळे झाले. १९३१ साली इंग्लंडमधील ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने दोन मायक्रोफोनांनी दोन कानांसारखे ऐकण्याची पद्धत मांडली. डावीकडचा सूर डावीकडून, उजवीकडचा उजवीकडून, आणि मधली हवाही तशीच. पुढे फ्रान्सच्या नभोवाणीने दोन मायक्रोफोन सतरा सेंटिमीटर अंतरावर, एकमेकांशी ११० अंशांचा कोन करून ठेवण्याची रीत रूढ केली. माणसाच्या दोन कानांमधले अंतर साधारण तेवढेच असते.

आपल्या मुंबईत चित्रपटसंगीताच्या जुन्या काळात मोठाले वाद्यवृंद एकाच दालनात बसून, मोजक्या मायक्रोफोनांसमोर वाजवीत. मुद्रक वादकांना जवळ-लांब बसवूनच तोल साधायचा. त्या वादकांत गोव्याचे ख्रिस्ती फार होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवरील वाद्यवृंदरचना सादर केल्या. त्यांचे नाव बहुतेकांना ठाऊक आहे ते १९७७ च्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यामुळे. त्या दालनांतील शेकडो वादकांचे सूर तबकड्यांवर राहिले, नावे मात्र तबकड्यांवर आली नाहीत. आपले मुद्रण होईल तेव्हा चौघांची नावे आधी लिहायची, हे आम्ही याच बोलण्यात ठरवून टाकले.

दोन मायक्रोफोन, असे अखेर ठरले. मग किती किमतीचे? येथे आमचा एक मोठा गैरसमज दूर झाला. प्रत्येक मायक्रोफोनची स्वतःची अशी एक बारीक सळसळ असते आणि ती डेसिबलमध्ये सांगितलेली असते. मोठ्या पडद्याच्या काही मायक्रोफोनांत ती पाचच डेसिबल असते. लहान पडद्याच्या, ऑस्ट्रेलियाच्या रोडे कंपनीच्या एनटी ५ मध्ये सोळा, आणि त्याच कंपनीच्या अधिक स्वस्त एम ५ मध्ये एकोणीस. आम्ही आधी पाचाच्या मागे लागलो. कमी ते चांगले, हा साधा विचार. पण रात्री अकरा वाजता शांत वाटणाऱ्या खोलीतही पंचवीस-तीस डेसिबलचा आवाज असतोच. आणि आमच्या सभागृहाला पत्र्याचे छप्पर, बाहेर रातकिडे, पलीकडे पैठण रस्ता. जी शांतता आमच्यापाशी नाही ती ऐकण्यासाठी आम्ही पैसे मोजणार होतो. अर्थात हा हिशेब अगदी सरळ नाही. खोलीचा आवाज जाड, खालच्या सुरांचा असतो आणि मायक्रोफोनची सळसळ वरच्या. म्हणून ती त्यातूनही वेगळी कळते, विशेषतः तारा छेडून मधे थांबल्या की. त्यामुळे अगदी हलक्या प्रतीचे घेऊन भागत नाही. शिवाय पुष्कळ स्वस्त मायक्रोफोन वरच्या सुरांना मुद्दाम उठाव देतात. बोलणे स्पष्ट वाटते, पण व्हायोलिन किंचाळू लागते. लहान पडद्याची, वरच्या सुरांना उठाव न देणारी, एकोणीस डेसिबलपर्यंतची जुळलेली जोडी आमच्या सभागृहाला पुरेशी आहे, येथे आम्ही थांबलो. लाखाच्या वरची जर्मन जोडी अधिक चांगली असते हे खरेच. पण तिने आमचे रातकिडे अधिक चांगले मुद्रित केले असते.

'जुळलेली' या शब्दावर आम्ही एकदा फसलो. एका दुकानदाराने दोन सुटे मायक्रोफोन जोडी म्हणून दिले. दोन्ही एकत्र धरून, बरोबर समोरून कोणीतरी बोलावे आणि आवाज मधोमध ऐकू यावा, ही साधी परीक्षा असते. आमचा आवाज डावीकडे झुकला. दुकानदाराने ते परत घेतले, पण तीन आठवडे गेले, आणि ते आठवडे मास्तरांच्या हाताच्या हिशेबात मोठे होते.

पैशांविषयीही सांगितले पाहिजे. धर्मग्रामाच्या निधीला हात लावायचा नाही, हे त्या भगिनीच्या प्रश्नातून ठरले. वाजविणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी आपापल्या खर्चातून काही कमी करून द्यायचे. जमेल तेवढ्यातच घ्यायचे. आणि घेतलेली वस्तू चौघांची नसेल, सर्वांची असेल. म्हाताऱ्या माणसांची जुनी भजने, जात्यावरच्या ओव्या, आजाऱ्यांसाठी शुभवर्तमानाचे वाचन, यांसाठी ती कोणालाही मागता यावी. यामुळे टँकरच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे आम्ही म्हणणार नाही. त्या भगिनीने पन्नास रुपये दिले आणि ती पुन्हा काही बोलली नाही. तिचे मन वळले की ती थकली, हे आम्ही विचारले नाही.

मुद्रण एप्रिलमध्ये रात्री झाले. पंखे बंद केल्यावर सभागृह तव्यासारखे तापलेले. चौघांपासून दोन मीटर अंतरावर, डोक्याच्या वर हातभर उंचीला एका काठीवर ते दोन मायक्रोफोन. अर्धा तास आम्ही फक्त काठी पुढे-मागे करीत राहिलो. हातभर पुढे नेली की बोटांचा खरखराट येई, हातभर मागे नेली की पत्र्याचा घुमारा. एका जागी दोन्ही आपापल्या मापात बसले. या अर्ध्या तासाने जेवढा फरक पडला तेवढा दुप्पट किमतीने पडला नसता, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

तीनदा वाजविले. तिसरे सर्वांत उत्तम झाले. पण शेवटाकडे मास्तरांची कमान कापली आणि एक लांब सूर मधे तुटला. आमच्यातील एका विद्यार्थ्याने सहज म्हटले की, दुसऱ्या वेळचा तेवढा तुकडा येथे जोडता येईल. यात नवल काहीच नाही. चुंबकीय फीत आल्यापासून जगातील बहुतेक तबकड्या अशाच जोडलेल्या असतात. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली मैफली सोडल्या आणि या जोडण्याचे उघड समर्थन केले. चित्रपट तुकड्यांतून बनतो म्हणून कोणी त्याला खोटा म्हणत नाही, अशा धाटणीचा त्यांचा विचार होता. तो विचार आम्हांला चुकीचा वाटत नाही. फसवणूक झाली की नाही हे आपण ऐकणाऱ्याला काय वचन दिले होते त्यावर ठरते. आणि आमचे वचन, निदान आमच्या मनातले, असे होते की हा त्या रात्रीचा मास्तरांचा हात आहे. तुटलेला सूर त्या हाताचा होता. तो ठेवावा, असे आम्ही बहुतेकांनी म्हटले, आणि म्हणताना आम्हांला आपल्या प्रामाणिकपणाचा थोडा अभिमानही वाटला.

मास्तर म्हणाले, "मुलांनो, तो सूर माझा नाही. तो आजाराचा आहे. माझा मागच्या वेळचा आहे, तो लावा."

यावर काय बोलावे ते सुचेना. सत्य कशाला म्हणायचे, घडले त्याला की ज्याने ते केले त्याच्या मनात होते त्याला? आम्ही घडलेल्या गोष्टीचे साक्षीदार होतो. तो सूर ज्याचा होता तो माणूस मात्र वेगळे सांगत होता. व्हायोला वाजविणारी मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. ती म्हणाली, रोग्याच्या कागदावर आम्ही ताप खोडत नाही, पण भिंतीवर लावायच्या छायाचित्रासाठी त्याला तापात बसवतही नाही. तिचे म्हणणे आम्हांला पटले. त्यांच्या हयातीत, त्यांच्या नावाने जाणारी वस्तू त्यांना मान्य असेल तशीच जावी, असे ठरले. अट एवढीच की जोडले आहे हे प्रतीवर लिहायचे.

पण जोडायला बसलो तेव्हा निराळीच अडचण निघाली. मायक्रोफोन दोनच, त्यामुळे मास्तरांचा सूर तेवढा बाजूला काढता येईना. तो बदलायचा तर त्या ठिकाणी चौघांनाही बदलावे लागत होते. तिसऱ्या वेळी तेथे चेलो फार सुंदर वाजला होता. तोही जाणार होता. शिवाय त्याच क्षणी रस्त्यावरून एक मालमोटार गेली होती आणि जोड दिला की तिचा आवाज मधेच कापला जाई. अखेर चौदा मात्रा अलीकडे, जेथे सर्व जण श्वास घेण्यापुरते थांबतात, तेथे जोड दिला. चेलोवाल्या मुलाला आधी विचारले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग 'चालेल' म्हणाला.

प्रतीवर चौघांची नावे आहेत, तारीख आहे, आणि खाली एक ओळ आहे की शेवटचा भाग दुसऱ्या वेळच्या वादनातला आहे. न जोडलेली प्रत आम्ही पुसणार होतो. ती मास्तरांच्या मुलीने मागून घेतली, आणि मास्तरांना सांगू नका म्हणाली. आम्ही अजून सांगितलेले नाही.